मधले दात

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, सकाळी सहाच्या सुमारास, मी आमच्या मारुती ८०० च्या स्टिअरिंगच्या कडेवर कागदी चिकटपट्टी लावली, डॅशबोर्डवर सायकलचा एक स्पोक असा बांधला की त्याचे टोक पट्टीच्या अगदी जवळ येईल, आणि भाच्याला पुढच्या उजव्या चाकापाशी बसवून स्टिअरिंग सावकाश फिरवायला सुरुवात केली. टायर हलल्याबरोबर त्याने हाक द्यायची आणि मी पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची, असे आमचे ठरले होते. डावीकडची खूण आणि उजवीकडची खूण यांतले अंतर ५४ मिलिमीटर भरले. स्टिअरिंग पाच सेंटिमीटरांहून अधिक फिरत होते आणि तोवर चाकांना त्याची खबरही नव्हती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम ९८ असा आहे की, स्टिअरिंगमधली मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असू नये. आमच्या स्टिअरिंगचा व्यास ३८ सेंटिमीटर आहे. त्या हिशेबाने कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर हालचाल नियमात बसते, आणि आमचे ५४ मिलिमीटर म्हणजे जेमतेम १६ अंश. कायद्याच्या दृष्टीने गाडीत दोष नव्हता. पण तो नियम ट्रकपासून बसपर्यंत सगळ्याच वाहनांना एकसारखा लागू आहे. साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाच्या, बारा इंची चाकांच्या गाडीला नागपूरच्या वर्धा रोडवर शेजारून जाणाऱ्या बसचा वारासुद्धा बाजूला सारतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला १६ मीटरांहून अधिक पुढे जाते. अशा वेळी हाताने दिलेली दुरुस्ती चाकापर्यंत पोचायला जो उशीर लागतो, तो मला गेले वर्षभर जाणवत होता. त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. नियमाचा हा दुसरा भाग वाचून ठेवलेला पुढे फार उपयोगी पडला.

गाडी बाबांनी १९९१ मध्ये घेतली. पहिली मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, १९८६ मध्ये तिचे रूप बदलले, आणि आमची गाडी त्या बदललेल्या रूपातली: ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, आणि स्टिअरिंगला कोणतीही यांत्रिक मदत नसलेला साधा रॅक आणि पिनियन. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन म्हणजे दात असलेले लहान चाक असते. ते फिरले की त्याच्यात अडकलेला दातेरी लोखंडी दांडा, म्हणजे रॅक, डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो आणि टायरॉडच्या, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, द्वारे चाकांना वळवतो. अँबॅसेडरमध्येही हीच रचना होती. फियाटमध्ये मात्र वर्म पद्धतीचा बॉक्स असे. रॅकची गाडी रस्त्याविषयी हाताला पुष्कळ सांगते. सिमेंट रस्त्याचा सांधा, डांबराचा उंचवटा, पावसाळ्यानंतर उघडी पडलेली खडी, हे सगळे मला लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरताना तळव्यांना कळत असे, आणि त्याच कारणाने ही गाडी विकण्याचा विचार आमच्या घरात कधी झाला नाही.

सैलपणा कोठून येतो हे न शोधता रॅकवर बोट ठेवणे चुकीचे असते, कारण स्टिअरिंगपासून टायरपर्यंत झिजण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. गाडी चाकांवर उभी असताना भाचा स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहिला आणि मी खाली आडवी होऊन एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. सांधा झिजलेला असेल तर एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला उशिरा पोचते आणि बोटांना ती टकटक लगेच कळते. टायरॉड एंड दोन्ही बाजूंचे चांगले निघाले. रॅकला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालचे रबर थोडे कडक झाले होते, पण रॅकचे घर जागचे हलत नव्हते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा खालचा जॉइंट घट्ट होता. डाव्या बाजूचा रबरी बूट, म्हणजे रॅकच्या टोकावरचे घडीदार आवरण, मात्र घडीत फाटलेला होता आणि त्यातून काळपट चिखलासारखे काहीतरी बाहेर आले होते.

मग मी केलेली एक चाचणी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने करून पाहावी अशी आहे. पुढचा भाग जॅकवर उचलून, खाली घोड्या लावून, मी स्टिअरिंग एक पूर्ण फेरी डावीकडे नेले आणि तेथे मोकळी हालचाल पुन्हा मोजली. ती १४ मिलिमीटर निघाली. उजवीकडे एक फेरी नेल्यावर १५. मध्यावर ५४ आणि बाजूंना १४–१५, याचा अर्थ एकच होता. गाडीचे आयुष्य मुख्यतः सरळ जाण्यात गेलेले असते, त्यामुळे रॅकचे मधले तीन-चार दात सतत घासले जातात आणि दोन्ही टोकांकडचे दात जवळजवळ कोरे राहतात. टायरॉड किंवा बॉल जॉइंट झिजले असते तर सैलपणा सगळीकडे सारखा असता.

एवढे कळूनही मी पुढचे पाऊल चुकीचे टाकले. कॉलेजच्या पेपर तपासणीचे दिवस होते, वेळ नव्हता, म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. तेथील मुलाने दहा मिनिटांत काम संपवले आणि प्ले, म्हणजे ती मोकळी हालचाल, निघून गेल्याचे सांगितले. खरोखरच मध्यावरची हालचाल २० मिलिमीटरांवर आली होती. त्याच संध्याकाळी सेमिनरी हिल्सच्या उतारावर उजवे वळण घेतल्यावर मी सवयीप्रमाणे हात सैल सोडला, आणि स्टिअरिंग मागे फिरलेच नाही. ते वळलेल्या अवस्थेतच अडकून राहिले आणि गाडी समोरून येणाऱ्या स्कूटरच्या दिशेने जात राहिली. मी दोन्ही हातांनी ओढून ते सरळ केले, पुढे रस्त्याच्या कडेला थांबले आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

काय झाले होते ते समजायला अवघड नव्हते. रॅकच्या पाठीमागून एक प्लंजर स्प्रिंगच्या जोराने त्याला पिनियनवर दाबून धरतो, आणि त्यामागचा स्क्रू फिरवून तो प्लंजर किती मागे हटू शकेल हे ठरवता येते. कारखान्यात ही सोय दातांमधली किरकोळ जागा घालवण्यासाठी दिलेली असते. मध्यावर झिजलेल्या दातांसाठी तो स्क्रू आवळला की मध्यावर सगळे ठीक वाटते, पण वळण घेताना बाजूचे पूर्ण उंचीचे दात पिनियनखाली येतात, त्यांना मागे सरायला जागाच उरलेली नसते आणि रॅक जखडतो. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात ती पुढच्या चाकांच्या बसवणुकीतल्या कोनामुळे. पण जखडलेल्या रॅकपुढे ती शक्ती पुरी पडत नाही. सैल स्टिअरिंगपेक्षा हे कितीतरी अधिक धोक्याचे आहे. सैल स्टिअरिंग आपल्याला रोज आठवण देत राहते, जखडलेले स्टिअरिंग मात्र ऐन वळणावर कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तो स्क्रू पूर्वीइतका सैल केला आणि गाडी ताशी तीसच्या वर न नेता सक्करदऱ्याला मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले.

मिस्त्रीकाका सत्तरीचे आहेत, बाबांच्या काळापासून या गाडीला ओळखतात, आणि आता निवडकच कामे घेतात. मी मोजमापांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही, स्टिअरिंग मध्यावर दोनदा, बाजूला दोनदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "मधातले दात गेले, ताई. स्क्रू आवळून प्ले जात नाही, लपते फक्त." मी विचारले की मला सोबत काम करू द्याल का. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हातमोज्यांची एक जुनी जोडी माझ्यासमोर ठेवली.

त्या पहिल्या रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दहाच्या पुढे थांबणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही पहाटे पाचला सुरुवात केली. सर्वांत आधी टायरॉड एंडच्या मागे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवले, डावीकडे ११ आणि उजवीकडे १२, म्हणजे परत बसवताना चाकांची अलाइनमेंट निदान जवळपास तरी येईल. पिनियनच्या दांड्यावर आणि खालच्या जॉइंटवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. जॉइंटचा बोल्ट गंजला होता; त्यावर आदल्या रात्रीच केरोसीन सोडून ठेवले होते. टायरॉड एंड काढण्याची काकांची पद्धत पाहण्यासारखी होती. नट सैल करून तो दोन आट्यांवर तसाच ठेवला, चाकाला वळवणाऱ्या बाहूच्या भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूवर लहान हातोड्याने दोन नेमके घाव घातले. निमुळता भाग आपोआप सुटला. आट्यांच्या टोकावर हातोडा मारणारे मिस्त्री त्यांना मुळीच आवडत नाहीत, आणि ते का, हे मला नंतर एका दुसऱ्या गाडीचे चेपलेले आटे पाहून कळले.

रॅक बाहेर काढून बाकावर ठेवला. प्लंजरचा स्क्रू, स्प्रिंग आणि प्लंजर काढले, पिनियन वर खेचला आणि रॅकचा दांडा एका बाजूने ओढून घेतला. फाटलेल्या बुटातून गेलेली धूळ आणि पावसाचे पाणी यांनी आतल्या ग्रीसची वाळूमिश्रित खळ झाली होती. दात झिजवायला याहून चांगले साधन शोधून सापडले नसते. केरोसीनने धुतल्यावर दांडा उन्हात धरला. टोकांकडच्या दातांचे माथे सपाट आणि मळकट करडे होते, यंत्राच्या रेघाही अजून दिसत होत्या. मध्याकडे येताना ते माथे अरुंद होत गेले होते आणि अगदी मधल्या चार दातांना सुरीसारखी धार आली होती, त्यांच्या बाजू आरशासारख्या चकचकीत होत्या. गाडीने सरळ कापलेले सगळे रस्ते, रामटेकच्या, उमरेडच्या, अमरावतीच्या खेपा, त्या चार दातांवरून गेल्या होत्या. मी तो दांडा बराच वेळ हातात धरून बसले होते.

डोळ्यांना दिसले तरी मोजल्याशिवाय माझे समाधान होत नाही. वीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना व्हर्नियर शिकवण्याचा हा परिणाम असावा. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथच्या कारखान्यात मी दांडा घेऊन गेले. तेथे दोन दातांमधल्या खाचेत एक गोल पीन बसवून दांड्याच्या पाठीपासून पिनेच्या माथ्यापर्यंत मायक्रोमीटरने माप घेतले. टोकाकडच्या खाचांपेक्षा मधल्या खाचेत पीन ०.२८ मिलिमीटर अधिक खोल बसत होती. दांडा दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवला तेव्हा वाकलेला मात्र नव्हता. केसाच्या जाडीच्या काही पट एवढी ती झीज, पण पिनियन लहान असल्यामुळे आणि स्टिअरिंगचा व्यास मोठा असल्यामुळे तीच हातापर्यंत येताना कितीतरी पटींनी वाढते.

त्याच कारखान्यात एका कारागिराने मधल्या दातांवर वेल्डिंग करून ते पुन्हा कापून देण्याची तयारी दाखवली. माणूस प्रामाणिक होता आणि त्याचा हातही चांगला होता, तरीही मी नकार दिला. या दातांचा पृष्ठभाग उष्णता देऊन कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो कठीणपणा जातो आणि भरलेल्या धातूच्या कडेला बारीक तडे जाण्याची शक्यता राहते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या भागांवर वेल्डिंग करू नये, या बाबतीत माझे मत पक्के आहे. भंगारातल्या गाडीचा रॅक घ्यावा हा दुसरा सल्लाही मला पटला नाही, कारण ती गाडीही आयुष्यभर सरळच चाललेली असणार.

या मारुतीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, पण त्यापूर्वी पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. अडचण आमच्या वर्षाच्या गाडीला नेमका बसणारा भाग ओळखण्याची होती. पहिल्या दुकानदाराने फक्त दांडा दिला आणि पिनियन जुनाच चालेल असे सांगितले. काकांनी तो दांडा हातातही घेतला नाही. "जुना पिनियन नव्या रॅकले खाऊन टाकते," एवढेच ते म्हणाले, आणि मी तो परत केला. दांडा आणि पिनियन यांची जोडी, दांड्याला दूरच्या टोकाशी आधार देणारा बुश, प्लंजर आणि स्प्रिंग, दोन्ही बूट, दोन्ही बाजूंच्या लॉक वॉशर आणि पट्ट्यांखालची रबरे जमवायला पुढचा आठवडा गेला. नवा दांडा आणल्यावर मी आधी जुन्याशेजारी ठेवून दात मोजले, लांबी पाहिली, आटे जुळवून पाहिले. मूळचे घर मात्र आम्ही तेच ठेवले. पिनियनच्या बेअरिंगची जागा आतून स्वच्छ आणि घट्ट होती.

जोडणी दुसऱ्या रविवारी झाली. बुश घरात दाबून बसवला, दांड्याच्या दातांवर आणि पिनियनवर लिथियम ग्रीस बोटाने खाचाखाचांत भरले, दांडा आत सरकवला आणि पिनियन खाली उतरवला. स्क्रू बसवण्याची वेळ आली तेव्हा काकांनी पाना माझ्या हातात दिला. स्क्रू तळाला टेकेपर्यंत आवळायचा, मग साधारण पाव फेरी मागे घ्यायचा, आणि त्यानंतर पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहायचा. वाटेत कोठेही तो जड होता कामा नये. पहिल्या वेळी उजव्या टोकाजवळ मला किंचित अडथळा जाणवला. स्क्रू अगदी थोडा सैल करून पुन्हा फिरवला, मग पुन्हा. चौथ्या वेळी सगळीकडे सारखाच, लोण्यातून सुरी जावी तसा गुळगुळीत विरोध लागला, तेव्हा काकांनी मान हलवली आणि मी स्क्रू न हलू देता त्यावरचा चेकनट घट्ट केला. या एका स्क्रूवर आमचा जवळजवळ तास गेला आणि तो योग्यच गेला असे मला वाटते.

बाकीचे काम सरळ होते. पिनियनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजून निम्म्यावर रॅक थांबवला, म्हणजे गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळेल, आणि स्टिअरिंग सरळ धरून पांढऱ्या रेघेच्या आधाराने जॉइंट बसवला. आतल्या बॉल जॉइंटांच्या लॉक वॉशरचे कान ठोकून वाकवले. टायरॉड एंडच्या खाचेच्या नटात स्प्लिट पिनेचे भोक जुळत नव्हते, तेव्हा नट मागे घेण्याऐवजी पुढे आवळून भोक जुळवायचे हे काकांनी सांगण्यापूर्वीच मला ठाऊक होते. जुन्या पिना मात्र मी पिशवीत जपून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी काढून फेकून दिल्या आणि नव्या घातल्या. नियम ९८ मधले शब्द मला तेव्हा आठवले. रबरी टोप्या शाबूत, पिना वाकवलेल्या, बोल्ट अडकवलेले.

सोमवारी अलाइनमेंट करून घेतली. दोन्ही टायरॉड सारखेच फिरवावेत, एकच फिरवून स्टिअरिंग तिरके करू नये, हे अलाइनमेंट करणाऱ्या मुलाला सांगावे लागले, आणि त्याने ते मनापासून ऐकले. मग मी दिघोरी चौकातून उमरेड रोडला लागले. मृग लागला होता, पहिली सर पडून गेली होती आणि रस्ता अजून ओला होता. ताशी ५० वर स्टिअरिंग बोटभर हलवले आणि गाडी तेवढ्यात हलली. वळणावर हात सैल सोडला तेव्हा स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर आले; ते पाहायला मी तीन वळणे मुद्दाम शोधून घेतली. ट्रक शेजारून गेला तेव्हा मला काहीही करावे लागले नाही.

घरी आल्यावर स्पोक आणि चिकटपट्टी पुन्हा लावली आणि भाच्याला चाकापाशी बसवले. मध्यावर ९ मिलिमीटर, एक फेरी डावीकडे ९, उजवीकडे १०. पाचशे किलोमीटरांनंतर पट्ट्यांचे बोल्ट, चेकनट आणि बुटांच्या क्लिपा पुन्हा तपासल्या. काहीही सैल झालेले नव्हते. जुना दांडा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. यंदाची मुले त्याच्यावर पीन ठेवून मायक्रोमीटरने ते ०.२८ मिलिमीटर स्वतः मोजतात.